विषाणू झोपला होता का?

१९९३ च्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाच्या रक्ताची तपासणी झाली. घरातल्या एका शस्त्रक्रियेसाठी तो रक्त द्यायला गेला होता. दोन दिवसांनी त्याला परत बोलावून घेतले आणि एका डॉक्टरांनी दार लावून त्याला सांगितले, "विषाणू अंगात आहे, पण सध्या झोपलाय. तो उठेपर्यंत तुम्हाला काही होत नाही." आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. पुणे-बंगळूर रस्त्यावर तो मालाचा ट्रक चालवी. अंगाने दणकट माणूस, चार वर्षांत साधा ताप आलेला आठवत नव्हता. त्याला ते वाक्य पटले.

हे वाक्य आमच्या घरात पुढे बरीच वर्षे राहिले. वहिनींनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला : झोपलेला आहे, म्हणजे कुणाला चावणार नाही. अण्णा १९९९ मध्ये गेला. त्यानंतर वहिनींची तपासणी झाली आणि तीही पॉझिटिव्ह आली. त्यांना लागण नेमकी कधी झाली हे कुणी सांगू शकणार नाही. १९९३ च्या आधीच झाली असणे शक्य आहे. पण मधल्या सहा वर्षांत झाली असेल, तर ‘झोपलाय’ या एका क्रियापदाचा त्यात वाटा आहे, असे मला आजही वाटते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात माझी नोकरी झाली. जीवशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. तरी त्या वाक्याचा माग काढायचा म्हणून मी वाचायला लागलो. आधी शब्दकोश शेजारी ठेवून, मग ओळखीने मिळवलेल्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या पासावर, आणि पुढे संशोधनपत्रिका घरबसल्या वाचता येऊ लागल्या तेव्हा रात्री जेवणानंतर. डॉक्टरांना दोषी ठरवणे हा माझा हेतू नव्हता. त्या काळची पाठ्यपुस्तके हेच सांगत होती. मला जाणून घ्यायचे होते ते इतकेच, की अण्णा घाट चढत-उतरत होता त्या वर्षांत त्याच्या रक्तातल्या पेशी नेमके काय करत होत्या, आणि हे जगाला कधी कळले.

०००

गोष्ट एड्सच्या वीस वर्षे आधी सुरू होते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी मोठी असते, वयाबरोबर आक्रसते. १९६० पर्यंत बहुतेक वैद्यकांच्या लेखी ती निरुपयोगी होती, पांढऱ्या पेशींची स्मशानभूमी. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नवजात उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर किरकोळ संसर्गाने मरू लागले, आणि दुसऱ्या प्राण्याची त्वचा लावली तर ती नाकारेनासे झाले. ज्या पेशी तिथे मरायला येतात असे वाटत होते, त्या प्रत्यक्षात तिथे शिकायला येत होत्या. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना टी-पेशी म्हणू लागले.

टी-पेशींमध्ये मदतनीस आणि मारक असे गट आहेत, हे सत्तरच्या दशकात कळले. अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा? याची किल्ली केंब्रिजमध्ये मिळाली. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकाच साच्यातले प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची पद्धत शोधली. असे प्रतिपिंड एका विशिष्ट रेणूलाच चिकटतात. त्यांना चमकणारा रंग लावला की त्या रेणूची पेशी उजळते आणि यंत्राला मोजता येते. १९७९ च्या सुमारास मदतनीस आणि मारक पेशी वेगवेगळ्या मोजणारे प्रतिपिंड तयार झाले. जो तो आपापली नावे देऊ लागला, म्हणून १९८२ मध्ये पॅरिसमध्ये तज्ज्ञांची बैठक भरली आणि क्रमांक ठरवायला सुरुवात झाली. मदतनीस पेशींवरचा रेणू सीडी४, मारक पेशींवरचा सीडी८. पुढे आपल्याकडे सरकारी दवाखान्यांच्या बाकांवर बसलेली माणसे एकमेकांना "काउंट किती आला?" असे विचारू लागली, तो काउंट या सीडी४ चा.

म्हणजे मोजमाप तयार होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, तेव्हा रोग समोर आला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची हकिगत छापून आली. मायकेल गॉटलिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिहिली होती. निरोगी माणसाला सहसा न होणारा एक न्युमोनिया पाचही जणांना झाला होता, आणि छापून येईपर्यंत दोघे वारले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गॉटलिब यांनी सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्या नव्या प्रतिपिंडांनी केलेली मोजणी होती : मदतनीस पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. हीच साथ दहा वर्षे आधी लक्षात आली असती, तर डॉक्टरांना ‘पांढऱ्या पेशी कमी आहेत’ यापलीकडे काही सांगता आले नसते.

मदतनीस पेशी गेल्याने इतके काय बिघडते, हे मला आमच्या कारखान्यावरून समजले. शेतात ऊस पक्व असतो, तोडणीची टोळी फडाशेजारी उतरलेली असते, ट्रॅक्टर उभा असतो. पण चिटबॉयची चिठ्ठी मिळाल्याशिवाय कोयता चालत नाही. शरीरातही तसेच आहे. जंतू आत आला की वृक्षपेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचतात. काखेत, मानेत, जांघेत सुजते ती ही ग्रंथी. तिथे मदतनीस पेशी तो तुकडा पारखते, जागी होते, दुप्पट-चौपट होते आणि रासायनिक संदेश सोडते. मग मारक पेशी बाधित पेशींवर नीट चालून जातात, बी-पेशी प्रतिपिंड बनवतात, भक्षकपेशी गिळलेले जंतू पचवतात. टोळी जिवंत असूनही चिठ्ठी नाही म्हणून हंगाम बुडावा, तशी एड्सच्या रोग्याची गत असते.

०००

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जानेवारी १९८३ च्या आरंभी एका रोग्याच्या सुजलेल्या लसिका ग्रंथीचा तुकडा आला. पूर्ण एड्स झालेल्या रोग्याऐवजी अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला रोगी त्यांनी मुद्दाम निवडला होता. शेवटच्या अवस्थेत ज्या पेशी शोधायच्या त्याच उरलेल्या नसतात. त्यावेळी अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांनी माणसाच्या टी-पेशीत राहणारा एक विषाणू शोधलेला होता. तो पेशींना अमर करतो, त्यातून रक्ताचा कर्करोग होतो. पाश्चरमध्ये फ्राँस्वाज बारे-सिनुसी यांनी ग्रंथीतल्या पेशी वाढवायला ठेवल्या आणि ठरावीक दिवसांनी रसायन तपासत राहिल्या. महिन्याअखेरीस विषाणूची खूण दिसली, पण त्याच वेळी पेशी मरू लागल्या.

अमर करणाऱ्या विषाणूच्या नात्यातला कुणीतरी शोधायला निघालेल्या माणसाने इथे ‘प्रयोग बिघडला’ असे म्हणून काचपात्र टाकून दिले असते. त्यांनी रक्तदात्याच्या ताज्या पेशी आणून त्यात घातल्या. विषाणू पुन्हा वाढला आणि त्या नव्या पेशीही मेल्या. पेशी मरणे हाच शोध होता. ल्यूक मोंताग्निए, शेरमान आणि बारे-सिनुसी यांच्या गटाचा शोधनिबंध मे १९८३ मध्ये आला. श्रेयावरून पॅरिस आणि अमेरिका यांच्यात पुढे झालेल्या भांडणावर पुस्तके निघाली आहेत. त्यात मला फारसा रस वाटला नाही. ते ताज्या पेशींचे काचपात्र मात्र मी विसरलो नाही, कारण पुढे वर्षानुवर्षे माणसाच्या अंगात नेमके हेच चालते : पेशी मरतात, शरीर नव्या पेशी घालते, त्याही मरतात.

१९८४ च्या अखेरीस लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिले की विषाणू पेशीला पकडतो तो सीडी४ रेणूलाच. ज्या खुणेने पेशी मोजत होतो, तीच दाराची कडी निघाली. दोन वर्षांनी रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या सीडी४ चे जनुक उंदराच्या पेशीत घातले गेले. विषाणू येऊन चिकटला, पण आत शिरेना. म्हणजे आणखी एक कडी होती. ती सापडायला १९९६ उजाडले.

१९८७ मधला एक शोध मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत क्रूर वाटतो. विषाणू आत शिरल्यावर आपली जनुके पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. ती वाचली कधी जातात? गॅरी नेबेल आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना आढळले की जंतूची चाहूल लागून टी-पेशी जागी होते, तेव्हा तिच्या आत जो प्रथिनरेणू ‘उठा, कामाला लागा’ अशी हाक देतो, त्याच रेणूला बसायला विषाणूच्या जनुकांतही जागा आहे. पेशी लढायला उठली की तोही उठतो. पेशीने प्रतिकार केला नाही तर जंतू मोकाट, केला तर विषाणूचे पीक.

०००

मग शरीर काही करतच नाही का? माझ्या वाचनात पहिली काही वर्षे मीही असेच समजत होतो : विषाणू येतो, सेनापतीला मारतो, संपले. तसे नाही.

१९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जे लेव्ही यांनी काही रोग्यांच्या रक्तातल्या सीडी८ पेशी बाजूला काढल्या, तर उरलेल्या पेशींत विषाणू भराभर वाढू लागला. त्या परत घातल्या की दबला. या पेशी रोज पहारा देत होत्या. १९८७ मध्ये ब्रूस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधितांच्या रक्तात या विषाणूला ओळखून मारणाऱ्या पेशी दाखवल्या, त्याही भरपूर. १९९४ मध्ये आणखी स्पष्ट झाले : लागण झाल्यावर पहिल्या आठवड्यांत रक्तातला विषाणू आकाशाला भिडतो आणि मग झपाट्याने खाली येतो. तो खाली येतो त्याच सुमारास मारक पेशींची फौज उभी राहिलेली असते. विषाणूला अडवणारे प्रतिपिंड त्यानंतर येतात. पुढे १९९९ मध्ये माकडांच्या सीडी८ पेशी औषधाने काढून टाकल्या, तेव्हा दबलेला विषाणू पुन्हा उसळला. शंका उरली नाही.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये गॅलो यांच्याच प्रयोगशाळेतून कळले की सीडी८ पेशी नुसत्या मारत नाहीत, विषाणूला दाराशीच अडवणारी तीन रसायनेही सोडतात. ती रसायने जिथे जाऊन बसतात ती जागा म्हणजेच ती हरवलेली दुसरी कडी, सीसीआर५. सहा-सात महिन्यांत जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी ती गाठली. उत्तर युरोपातल्या सुमारे शंभरांतल्या एका माणसात ही कडी जन्मतःच नसते, आणि त्याला या विषाणूची लागण सहसा होत नाही. आपल्याकडे हा वारसा अगदी विरळा.

पण विषाणूकडे एक सोय आहे. तो स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. मारक पेशी त्याचा जो तुकडा ओळखून चाल करतात, तो तुकडा चुकून बदलला की ती प्रत सुटते आणि तिचीच पिलावळ वाढते. रॉडनी फिलिप्स आणि अँड्र्यू मॅकमायकेल यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने १९९१ मध्ये हे रोग्यांच्या रक्तात पकडले. शरीर नव्या तुकड्यावर नवी फौज उभारते, विषाणू पुन्हा निसटतो. हे वर्षानुवर्षे चालते.

इथे मला एक साधी गोष्ट फार उशिरा सुचली. अण्णाची १९९३ सालची तपासणी विषाणू शोधणारी नव्हतीच. त्या तपासणीत प्रतिपिंड दिसतात, म्हणजे शरीराने दिलेले उत्तर दिसते. ज्या कागदावर बोट ठेवून त्याला ‘झोपलाय’ म्हणून सांगितले, तो कागदच त्याचे शरीर जागे असल्याचा पुरावा होता.

०००

झोपेची कल्पना आली कुठून? लागणीनंतर थोडे दिवस फ्लूसारखा ताप येतो, जातो. पुढे उपचाराविना सरासरी दहाएक वर्षे माणूस धडधाकट असतो. रक्तात विषाणू बाधलेली पेशी शोधू गेले तर हजारांत एखादी सापडे. काही होत नाही, काही सापडत नाही, म्हणजे झोपलेला असणार. तर्क तसा चुकीचा नव्हता. फक्त सगळे रक्तात पाहत होते. टी-पेशींपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या ग्रंथींत, आतड्यांत.

मार्च १९९३ मध्ये, म्हणजे अण्णाच्या तपासणीच्या तीन-चार महिने आधी, ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँथनी फाउची यांच्या प्रयोगशाळेतील पँतालिओ आणि सहकाऱ्यांचा, दुसरा अ‍ॅशली हास यांच्या गटाचा. त्यांनी बाह्यतः निरोगी असलेल्या बाधितांच्या लसिका ग्रंथी तपासल्या. रक्त शांत होते आणि ग्रंथी विषाणूने गच्च भरल्या होत्या. जिथे पेशी शिकतात, चिठ्ठ्या मिळतात, त्याच फडात रोजची कत्तल चालू होती आणि हळूहळू ग्रंथीचा गाभाच विरघळत होता. ते कागद आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागला असता, याचा विचार करण्यात आता अर्थ नाही.

यावर शेवटचा हात फिरवला तो १२ जानेवारी १९९५ च्या ‘नेचर’ने. न्यूयॉर्कचे डेव्हिड हो आणि अलाबामाचे जॉर्ज शॉ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती केली होती. विषाणूचे पुनरुत्पादन अडवणारी नवी औषधे रोग्यांना दिली आणि रक्तातला विषाणू किती वेगाने घटतो ते मोजले. हे निबंध मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला एकही वैद्यकीय संज्ञा धड कळत नव्हती, पण गणित लगेच कळले. कारण ते जमाखर्चाचे गणित होते.

समजा एखाद्या खात्यावर महिनोन्‌महिने शिल्लक तीच दिसते आहे. नवखा कारकून म्हणेल, खाते निष्क्रिय आहे. जुना माणूस आधी उलाढाल पाहील. रोज लाखाचा भरणा आणि लाखाची उचल होत असेल तरी शिल्लक तीच दिसते. हे तपासायचा एक मार्ग म्हणजे भरणा एकाएकी थांबवायचा आणि शिल्लक किती दिवसांत संपते ते पाहायचे. हो आणि शॉ यांनी नेमके हेच केले. विषाणूचा भरणा थांबवताच सुमारे दोन दिवसांत शिल्लक निम्मी झाली. त्याअर्थी औषधापूर्वी, म्हणजे त्या ‘शांत’ वर्षांतही, तितकाच विषाणू रोज तयार होत होता आणि तितकाच रोज मारला जात होता. पुढच्या वर्षी गणिती अ‍ॅलन पेरेलसन यांच्याबरोबर केलेल्या हिशेबात आकडा आला : दिवसाला सुमारे १० अब्ज विषाणूकण. हजार कोटी, रोज.

मी कागद खाली ठेवला आणि अण्णाच्या त्या सहा वर्षांचा गुणाकार करायला बसलो. मग तो अर्धवटच सोडला.

न्याय म्हणून सांगायला हवे, की हो यांच्या हिशेबातली पेशींची बाजू पुढे दुरुस्त करावी लागली. औषध दिल्यावर सीडी४ काउंट झटकन वाढतो तो सगळाच नव्या पेशींमुळे नसतो. ग्रंथींत अडकून पडलेल्या पेशी रक्तात परत येतात, हाही त्यातला भाग असतो. आणि पेशी मरतात त्या विषाणू प्रत्यक्ष मारतो म्हणून, हेही अर्धेच खरे ठरले.

०००

हे दुसरे अर्धे मला जास्त महत्त्वाचे वाटते. पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगाबे नावाचे माकड आहे. त्याच्या अंगात आपल्या एचआयव्ही-२ चा पूर्वज असलेला विषाणू असतो, रक्तात प्रचंड प्रमाणात. पण त्या माकडाला सहसा एड्स होत नाही. २००३ मध्ये गुइडो सिल्व्हेस्त्री यांच्या गटाने त्याचे कारण शोधले, तेव्हा त्या माकडाचा प्रतिकार जास्त कडवा असल्याचे दिसले नाही. उलट त्याची यंत्रणा शांत होती. माणसात मात्र ती वर्षानुवर्षे पेटलेली राहते. जेनिस जिऑर्जी यांनी १९९९ मध्ये दाखवले होते की रोगी किती लवकर खालावेल हे विषाणूच्या संख्येइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या टी-पेशी किती ‘पेटलेल्या’ आहेत यावरून सांगता येते.

पेटण्याचे इंधन कुठले? त्याचे उत्तर आतड्यात मिळाले. २००४ मध्ये दोन गटांनी दाखवले की लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या बहुसंख्य सीडी४ पेशी नष्ट होतात. ते कुंपण मोडले की आतड्यातल्या जिवाणूंचे कण रक्तात झिरपत राहतात, आणि शरीर कायम ‘जंतू आले, जंतू आले’ म्हणून हाका घालत राहते. प्रत्येक हाकेला नव्या मदतनीस पेशी उठतात, आणि उठलेली पेशी हेच विषाणूचे आवडते घर. २००२ मध्ये डॅनियल डुएक यांच्या गटाने तर असे दाखवले की ज्या मदतनीस पेशी खास एचआयव्हीला ओळखून त्याच्यावर चालून जातात, त्यांनाच तो इतरांपेक्षा अधिक प्रमाणात गाठतो. २०१४ मध्ये वॉर्नर ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने टॉन्सिलच्या पेशींवर केलेल्या कामात आणखी एक गोष्ट उघड झाली. मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशींत विषाणूची लागण पूर्ण झालेलीच नसते. तो आत शिरायचा प्रयत्न करतो, अर्धवट अडतो, पेशीला आत परका माल सापडतो, आणि ती स्वतःला जाळून घेते. जळताना बाहेर सांडलेल्या रसायनांमुळे आसपासच्या पेशी गोळा होतात आणि त्यांचीही तीच गत होते. मरणे हीसुद्धा तिची प्रतिकाराचीच कृती असते.

०००

आता वहिनींच्या निळ्या फायलीकडे येतो. सरकारने मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. औषध कुणाला द्यायचे याची रेषा साधारणतः २०० वर होती : काउंट त्याखाली आला किंवा गंभीर आजार झाला तर. २००५ मध्ये वहिनींचा काउंट आला २६८. एका केंद्रात त्यांना सांगितले, "चांगला आहे, अजून वेळ आहे. कमी झाला की या." वहिनींनी घरी येऊन मला विचारले, "भाऊजी, कमी व्हायची वाट बघायची म्हणजे काय करायचं?"

मला उत्तर देता आले नाही. औषध थोडे होते, माणसे फार होती, आणि ज्यांचे मरण दाराशी आले होते त्यांना आधी, हा हिशेब मला हिशेबनीस म्हणून कळतो. जगभर हीच रेषा होती. औषधांचे दुष्परिणामही तेव्हा कठीण होते. पण त्या रेषेच्या मुळाशी तीच जुनी समजूत थोडी उरलेली होती, की काउंट टिकून आहे तोवर आत फारसे काही चाललेले नाही. वहिनींना २००६ च्या हिवाळ्यात क्षय झाला. तेव्हा काउंट १७४ होता. मग औषध मिळाले.

त्याच वर्षी ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. काउंट चांगला असताना औषध थांबवले आणि घसरल्यावर पुन्हा दिले, तर माणसे जास्त मरतात, आणि त्यांतले बरेच मृत्यू एड्सशी संबंध नसलेल्या आजारांनी होतात. पेटलेली यंत्रणा काउंट पडण्याआधीच नुकसान करत असते. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून कळले, की बाधित जोडीदाराला लवकर औषध दिले तर दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. त्या अभ्यासात पुण्याची ‘नारी’, म्हणजे भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सहभागी होती. आमच्या गावापासून चार तासांवर. हा निष्कर्ष मी वहिनींना लगेच सांगितला नाही. २०१५ मध्ये काउंट ५०० च्या वर असलेल्यांनाही लगेच औषध देणे हिताचे असल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे ती रेषा आधी ३५० वर, मग ५०० वर गेली आणि २०१७ मध्ये पुसली गेली. आता तपासणी पॉझिटिव्ह आली की काउंट न पाहता औषध.

०००

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी ‘झोपलाय’ हा शब्द कायमचा खोडून टाकला होता. पण तो पुन्हा लिहावा लागला.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र दिल्यावर रक्तातला विषाणू मोजणीच्या खाली गेला, तेव्हा डेव्हिड हो यांनी हिशेब मांडला होता की दोन-तीन वर्षे असे दाबून धरले तर तो मुळासकट जाईल. १९९७ मध्ये रॉबर्ट सिलिसिआनो यांच्यासह तीन गटांनी तो हिशेब मोडला. लढून थकलेल्या मदतनीस पेशींपैकी काही मरत नाहीत. त्या विश्रांतीला जातात आणि जंतूची आठवण जपून वर्षानुवर्षे बसून राहतात. लहानपणी झालेला गोवर पुन्हा होत नाही तो अशाच पेशींमुळे. अशा विसावलेल्या दहा लाख पेशींमागे एखाद्या पेशीत विषाणूची जनुके शिवलेली असतात आणि ती खरोखर निजलेली असतात. पेशी झोपली, म्हणून तोही झोपला. औषधाला तो दिसत नाही, मारक पेशींनाही दिसत नाही. २००३ मध्ये सिलिसिआनो यांच्या गटाने हिशेब केला : हा साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात. पूर्ण संपायला ७३ वर्षे.

म्हणजे झोप होती, पण दाखवली होती त्या जागी नव्हती. बर्लिनमध्ये टिमथी ब्राउन हा रक्ताच्या कर्करोगाचा रोगी २००७ पासून पुढे एचआयव्हीतून मुक्त झाला, तो सीसीआर५ ची कडी नसलेल्या दात्याचा अस्थिमज्जा मिळाल्यामुळे. तो उपाय इतका जोखमीचा आहे की कर्करोगच झालेला नसेल तर कुणी सुचवणार नाही. २०१२ मध्ये डेव्हिड मार्गोलिस यांनी एका कर्करोगाच्या औषधाने झोपलेल्या विषाणूला हलवून जागे करून दाखवले. जागा झाला, पण साठा त्याने घटला नाही. असे प्रयत्न अजून चालू आहेत.

यंदा गणपतीत वहिनी आमच्याकडे चार दिवस होत्या. त्यांचा काउंट आता सातशेच्या आसपास असतो. रात्री नऊला मोबाइलचा गजर होतो, त्या गोळी घेतात आणि वाटी विसळून पालथी घालतात. मी हा लेख लिहितो आहे हे त्यांना माहीत होते. नाव घालायचे नाही, बाकी काय ते लिहा, असे त्यांनीच सांगितले. त्यांना मी सिलिसिआनोंच्या पेशींचे सांगितले.

"म्हणजे आता तो खरंच झोपलाय?"

"हो. आता खरंच."

"मग त्याला उठवायला कशाला निघालेत हे लोक?"

गोळी थांबवली तर दोन-तीन आठवड्यांत तो आपणहून उठतो, आणि गोळी न घेता जगता यावे म्हणून त्याला आधी बाहेर काढायचे आहे, असे मी समजावले. त्यांनी ऐकून घेतले. मग १९९३ मध्ये तो कागद आणला तेव्हा अण्णाने तो कुठे ठेवला होता, ते त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले. ट्रकच्या टपावरच्या कप्प्यात, देवाच्या फोटोमागे. गाडी विकली तेव्हा तो तिच्याबरोबरच गेला.